मुका स्पीकर

बडनेऱ्याच्या आमच्या मेकॅनिकला कुठलाही नवा पार्ट द्या, तो आधी त्यावरचा नंबर नखानं खरवडून पाहतो. माझ्या ॲम्प्लिफायरची उजवी बाजू बंद पडली, तेव्हा त्यानं आत नाक घालून वास घेतला.

"रेझिस्टर जयले, ते कुठंबी भेटतीन. ट्रान्झिस्टरची गोष्ट अलग हाये, भाऊ."

त्यासाठी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. दुकानदारानं चकचकीत ट्रान्झिस्टर पुढे केला. यानं तो विकत घेतला, थिनरच्या चिंधीनं पुसला, तर छापलेला नंबर चिंधीवरच उतरला. मग काउंटरवरच पकडीनं त्याची लोखंडी टोपी उचकटली. आत तिळाएवढा तुकडा; अस्सल मालात तो चांगला नखाएवढा असतो.

"या तिळावर तुमी वरातीचा बाजा वाजवून राहिले काय?"

"सगळे हाच नेतात. तुलेच काहून नाही चालत?" दुकानदार चिडला.

"सगळे नेतात म्हनूनच," म्हणत हा पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी माझा ॲम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी वाजला. त्याच्या दुकानात दिवसभर कव्वाल्या लावणारा त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर मात्र एकाच बाजूनं गात होता. त्यातला अस्सल, जुना ट्रान्झिस्टर काढून त्यानं माझ्या ॲम्प्लिफायरला लावला होता. मला अवघडल्यासारखं झालं.

"दादा, तिथं अकोल्याचाच एखादा लावून घे नं."

"राहू दे तसाच. येनारा-जानारा इचारन, ही बाजू मुकी काहून? मंग मी त्या दुकानदाराचं नाव सांगीन."

एवढं बोलून त्यानं मुका स्पीकर उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवला.