ऑडिट माफ होतं

"हे काय गं? पुष्पाबाई, सात मुठी. शांताबाई, नऊ मुठी. संस्थेचा हिशेब आहे की पाखरांचा दाणा?"

चंद्रपूरचा ऑडिटर त्याच्या ऑफिसात आमची वही मोठ्यानं वाचत होता. समोर दोन व्यापारी चहा पीत बसलेले. ते पोट धरून हसले. मी दाराशी, चपलांजवळ उभी. वय त्रेचाळीस, आमच्या महिला मंडळाची सचिव. खुर्ची रिकामी होती. बस म्हणायची रीत तिथं आमच्यासाठी नव्हती.

आमच्या बौद्ध वस्तीत बाई रोज रांधण्याआधी मूठभर तांदूळ मडक्यात बाजूला टाकते. पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्यांसमोर जिच्या तिच्या मुठीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. शांताबाईच्या नऊ मुठी म्हणजे महिन्यातले एकवीस दिवस तिच्या घरात बाजूला काढण्यासारखं काही नव्हतं. हे आम्हाला वहीवरून कळायचं. त्याला हसू यायचं.

तो तांदूळ विकून आम्ही पोरींची अभ्यासाची खोली चालवतो. माझीही पोरगी तिथंच बसते. "दरवर्षी ऑडिट झालं नाही तर नोंदणी रद्द, खोली ग्रामपंचायतीकडे जाईल," असं त्यानंच सांगितलं होतं. म्हणून पाच वर्षं निम्म्याहून जास्त तांदूळ त्याच्या फीपायी गेला.

"रिकामी उभी आहेस तर ते कपाट पूस."

सांगायला लाज वाटते, पण मी पुसलं. पदरानं. एकेक पुस्तक काढून. त्यातलं एक संस्थांच्या नियमांचं होतं, मराठीत. ते मी उघडलं. ठरलेल्या रकमेखाली उत्पन्न असलेल्या लहान संस्थेला ऑडिट माफ. तिनं स्वतः हिशेब लिहून, सह्या करून द्यायचा. मी दोनदा वाचलं. आमचं उत्पन्न त्या रकमेच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

"साहेब, आमाले तं माफ आहे हे. पाच वर्सं काऊन नाई सांगतलं?"

तो दचकलासुद्धा नाही. व्यापाऱ्यांकडे बघून म्हणाला, "सवलतीवरच वाढले हे लोक. आता ऑडिटमध्येही सवलत पाहिजे."

पुन्हा हसणं. त्याच्यापेक्षा मला माझाच राग आला. या माणसाला मी बायकांपुढं देवमाणूस म्हणत आले होते.

मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली. "आमचा हिशेब आमी लिवू. जुने कागद द्या."

"पाय धर, देतो."

"नाई धरत."

जुने कागद त्यानं ठेवूनच घेतले. या वर्षाचा हिशेब मी हातानं लिहिला, सह्या घेतल्या, सरकारी कार्यालयात दिला. पोच मिळाली. सोबत त्याच्याविरुद्ध तक्रारही दिली. त्यानं निरोप पाठवला, तक्रार मागं घे, नाहीतर जुन्या कागदांत खोट काढून नोंदणीच घालवतो. आमच्या म्हाताऱ्या अध्यक्षबाई रडकुंडीला आल्या. "जा ना बाई, धर त्याचे पाय. पोरींची खोली जाईन." अर्ध्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

टाकू द्या. नियम मी उतरवून घेतला आहे. रविवारी घुग्घुसच्या मंडळात जाऊन वाचणार आहे. तिथल्या बायकाही याच्याच दारात उभ्या राहतात. तक्रार मी मागं घेणार नाही. खोली गेली तर गेली. त्याचे पाय धरून राखलेल्या खोलीत माझी पोरगी अभ्यासाला बसणार नाही.