पस्तीस मिनिटं

माझी सध्याची पोस्टिंग महागावच्या कॉलेजात आहे. शेवटून दुसरा बाक, रिपोर्टिंग ०८००. आठला डिझेल मेकॅनिक, दहाला अर्थशास्त्र, बाराला मूलभूत लेखन. सतरा वर्षं फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून घरी आलो. वणीला ट्रकच्या वर्कशॉपात काम मागायला गेलो तर म्हणाले, कागद कुठाय? घ्या! आयुष्य इंजिनाखाली गेलं आणि यांना कागद पाहिजे. म्हणून या वयात पोरापोरींत बसतो. बाक लहान आहे, गुडघे अडकतात. बाहेर पडायचं तर आधी शेजारच्याला उठवावं लागतं.

डिझेलच्या तासाला मी मध्येच बोलतो आणि सरांचं डोकं फिरवतो. अर्थशास्त्रात मात्र गप्प असतो. एकदा सर म्हणाले, एक निवडलं की दुसरं हातचं जातं. जे गेलं, ती त्या निवडीची किंमत. पोरांनी कापूस की सोयाबीन असं उदाहरण दिलं. मला विचारलं तेव्हा म्हणालो, "मले नाही येत, सर." खोटं बोललो. येत होतं.

लेखनाच्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी विषय दिला, 'मी अडकलो तेव्हा'. दहा ओळी, खरी घटना. मी फौजी रिपोर्टसारखं वेळा टाकून लिहून दिलं.

घटना अशी. उंचावरची पोस्टिंग, सात गाड्यांचा कॉन्व्हॉय. शेवटची, बंद पडलेल्या गाड्या ओढणारी रिकव्हरी गाडी माझी. १३१० ला पुढे बर्फाचा कडा रस्त्यावर आला. १३४० ला मागेही आला. ना पुढे, ना मागे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वरून बर्फ थांबायचं नाव नाही. कॉन्व्हॉय कमांडरने प्रत्येक गाडीत एक ड्रायव्हर ठेवून बाकीचे जवान फावडी देऊन पुढे पाठवले. पाच नंबरच्या गाडीत मिलिंद एकटा राहिला. वय चोवीस, गाव ढाणकी. आमच्याच जिल्ह्याचा, म्हणून रेडिओवरही आमची वऱ्हाडी चालायची. १६२० ला त्याने उत्तर दिलं नाही. १६३५ ला मी त्याच्या गाडीपर्यंत पोचलो. तो गेला होता.

मॅडमनी वही परत दिली. म्हणाल्या, "काका, तीन पंचेचाळीसपर्यंत तुम्ही दर पाच-दहा मिनिटांचं लिहिलंय. मग एकदम चार वीस. मधली पस्तीस मिनिटं कुठे गेली?"

"काही झालं नाही मॅडम तेव्हा."

"मग तसं लिहा."

ते काही मला लिहिता येईना. चार दिवस वही उघडायचो आणि मिटायचो. बायको म्हणाली, "असं काय लिहून राह्यले तुम्ही, का जेवण जात नाही?" पाचव्या दिवशी लिहिलं.

१५४५. मिलिंद रेडिओवर आला. "उस्ताद, सायलेन्सर बर्फात दबून राह्यला. खाली उतराले दरवाजा उघडत नाही. इंजिन बंद करू का?"

"नाही. आयडलवर ठेव."

१५५५. "उस्ताद, डोकं लय दुखून राह्यलं. बंद करू का?"

"मिल्या, बंद केलं त डिझेल गोठते. मंग तुह्या बापाच्यानंही सुरू होत नाही. चालू ठेव!"

"रॉजर, उस्ताद."

सायलेन्सरचं तोंड दबलं तर विषारी धूर केबिनमध्ये भरतो, हे मीच प्रत्येक नव्या ड्रायव्हरला शिकवायचो. पण आदल्या हिवाळ्यात माझ्या सांगण्यावरून बंद केलेल्या दोन गाड्या गोठल्या होत्या आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पार इज्जत काढली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच खिळा बसला होता, इंजिन बंद करायचं नाही. मी गाडी वाचवत होतो. फावड्याने बर्फ काढून दरवाजा उघडला तेव्हा मिलिंद सीटवर बसलेला होता आणि इंजिन अगदी नीट चालू होतं.

चौकशी झाली. माझं बयान क्लर्कने इंग्रजीत टाइप केलं, मी सही केली. नंतर एका सुभेदार साहेबांनी वाचून अर्थ सांगितला: ड्रायव्हरने स्वतःच्या मर्जीने इंजिन चालू ठेवलं. मला इंग्रजी येत नव्हतं हे खरं. पण कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही, हेही खरं. भ्यालो. त्याच्या घरी पलटणीचं पत्र गेलं, त्यातही तेच होतं.

रविवारी ढाणकीला गेलो. मिलिंदच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाचा होता. पोराचा नव्हता.

"काकाजी, मी मिलिंदचा उस्ताद. काही वाचून दाखवाचं आहे."

"वाच."

उभ्यानेच वाचलं. ते ट्यूबवर कानस घासत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"त्यानं इचारलं होतं?"

"हो."

"किती खेप?"

"दोन खेपा."

"म्हंजे त्याले समजलं होतं." त्यांनी कानस खाली ठेवली. "तीन वर्सं झाले, मी लोकायले सांगून राह्यलो, का माह्या पोराचीच चूक होती. त्याच्या मायले बी तेच सांगतलं. ते तसंच आयकून मेली."

मी पायांकडे वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"माफी मले नोको मागू. हे तुह्या पलटणीले पाठव. तुह्या नावानं, तुह्या सहीनं. मंग ये."

सोमवारी डिझेलचा तास सोडून पोस्टात गेलो, रजिस्टर केलं. पोचपावती आली, उत्तर अजून नाही. जे होईल ते होवो. पावती दाखवायला ढाणकीला गेलो तेव्हा काकाजींनी ती वाचून परत दिली. चहाही विचारला नाही. पण भिंतीवर तिसरा फोटो होता, वर्दीतला. हार ताजा होता.

परवा परीक्षेत प्रश्न आला, थंड हवामानात डिझेल इंजिनाची कोणती काळजी घ्यावी? पोरांनी सगळ्यात आधी डिझेल गोठण्याचं लिहिलं. मी पहिल्या ओळीत लिहिलं, सायलेन्सरचं तोंड मोकळं नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, हे ड्रायव्हर मिलिंद, ढाणकी, याला माहीत होतं.