चौदा नंबरचं रीळ

सगुणाताई केणेंना कंपनीतून काढलं, त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला कुठे लपता येणार नाही.

आमची कंपनी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत. दुसऱ्यांच्या यंत्रांत बसतात ती हिरवी सर्किट बोर्डं आम्ही बनवतो. सगुणाताई मानपाडा गावातल्याच, आगरी. नवरा आनंदा टेम्पो चालवायचा, एक मुलगी, रुपाली. ताई बाविसाव्या वर्षी कंपनीत लागल्या तेव्हा सगळं काम हातानं व्हायचं. बायका रांगेत बसून एकेक पार्ट बोर्डाच्या भोकात घालायच्या आणि सोल्डरिंग करायच्या. ताईंचा हात इतका स्थिर, की बिघडलेलं बोर्ड शेवटी त्यांच्याकडेच यायचं.

मग मशीन आलं. खोलीभर लांब, वर काचेचं झाकण. एका बाजूला रिळं लावलेली. प्रत्येक रिळाच्या कागदी पट्टीत खसखशीएवढे पार्ट. मशीनचं डोकं खाली यायचं, नळीच्या टोकानं पार्ट ओढून घ्यायचं आणि बोर्डावरच्या सोल्डरच्या लेपावर बरोब्बर जागेवर ठेवायचं. तासाला वीस हजार. मग बोर्ड भट्टीतून भाजून बाहेर. त्या वर्षी बारा जणींना घरी बसवलं.

सगुणाताई राहिल्या, कारण त्या मशीनला चिकटल्या. ते बसवायला ठाण्याहून लिओनेल नावाचा इंजिनिअर आला होता, मशीन विकणाऱ्यांचा माणूस. ताई आठवडाभर त्याच्या मागे वही घेऊन फिरल्या. तो हसून म्हणायचा, "ताई, हात लावा की. चावत नाही ते."

वर्षभरात त्या मशीन चालवायला लागल्या. त्यांचं कान देऊन ऐकणं मी बघितलंय. माझं टेबल समोरच होतं, मी भिंगाखाली बोर्ड तपासायचे. मशीनची टकटक जरा बदलली की त्या उठायच्या. "सहाव्या नळीत कचरा अडकलाय," म्हणायच्या, आणि खरंच अडकलेला असायचा. दर खंडेनवमीला मशीनच्या दाराच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कुंकवाची पाच बोटं उमटवायच्या. आदल्या वर्षीची पुसायच्या नाहीत.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये एक मोठं काम आलं. नवजात बाळांना ज्या काचपेटीत ठेवतात, तिचं तापमान सांभाळणारी बोर्डं. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर कमलेश सर घायकुतीला आलेले. माल त्याच संध्याकाळी जायचा होता.

दुपारी एकच्या पुढे ताई जेवायला गेल्या. तेवढ्यात चौदा नंबरचं रीळ संपलं आणि मशीन थांबलं. सर आले, स्टोअरमधून आणलेलं रीळ त्यांनी स्वतः लावलं. रीळ बदललं की त्याच्यावरचा बारकोड मशीनला दाखवावा लागतो. पार्ट चुकीचा असला तर ते चालूच होत नाही. सरांनी दाखवला, लाल दिवा लागला. परत दाखवला, परत लाल. सर चिडून पुटपुटले, "सप्लायरनं लेबल बदललेलं दिसतंय," आणि स्वतःचा पासवर्ड टाकून तपासणी वगळली. मशीन सुरू झालं.

मी हे सगळं माझ्या खुर्चीतून पाहिलं.

ताई जेवून आल्या. सर म्हणाले, "चौदा बदललंय मी, चालू ठेव." ताईंनी ठेवलं.

रीळ चुकीचं होतं. ते पार्ट इतके बारके, की त्यांच्यावर आकडासुद्धा छापत नाहीत. भिंगाखाली मलाही कळायचा मार्ग नव्हता. तीनशे बारा बोर्डं गेली आणि ग्राहकाच्या चाचणीत सापडली. पेटी तापायची एका अंशावर आणि दाखवायची दुसराच अंश. बाळापर्यंत एकही बोर्ड पोचलं नाही. पण ग्राहक भडकला, मालक भडकले, आणि कुणाचं तरी नाव हवं होतं.

तक्रार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं केलं. साठ माणसं. सरांनी ताईंच्या हातात एक खराब बोर्ड दिलं आणि ते छातीशी धरून पुढे उभं राहायला लावलं.

"नीट बघा सगळ्यांनी. या बाईनं न बघता रीळ लावलं. बाळं मेली असती तर? हिच्या बापानं परत दिली असती?"

ताई म्हणाल्या, "सर, रीळ तुम्ही लावलं. मी जेवायला गेलेली."

"माझ्यावर टाकतेस? पाळी कोणाची होती?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "भावनाला विचारा. ती समोरच बसते."

माझा नवरा तेव्हा घरी बसून होता आणि धाकट्या मुलाची दहावी. अशी कारणं प्रत्येकाकडे असतात. सरांनी मला विचारलं आणि मी म्हणाले, "ताईंनीच लावलं." मग पुढे सरकवलेल्या कागदावर सही केली.

गेटवर वॉचमननं त्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. डबा, कंगवा, रुमाल, ती जुनी वही. वही ठेवून घेतली, कंपनीची माहिती आहे म्हणून. आम्ही सगळे जाळीच्या खिडकीतून बघत होतो. ताईंनी वाकून एकेक वस्तू उचलली, उभ्या राहिल्या आणि खिडकीकडे बघितलं. रडल्या नाहीत. ते बघणं मी सहा वर्षं विसरले नाही.

गावात बभ्रा व्हायला वेळ लागला नाही. रुपाली तेव्हा पोटुशी होती. तिचं सासर खडवलीला. डोहाळजेवणात ओटी भरायला ताई पुढे झाल्या, तेव्हा विहीणबाई सगळ्यांसमोर बोलल्या, "तुम्ही मागं थांबा. तुमचा हात बाळाला नको." ताई तशाच घरी आल्या. आनंदा मला पुढे कधीतरी म्हणाला, "त्या दिवसापासून ही घरात बोलायचीच बंद झाली. मी म्हटलं, जाऊ दे, सोड. तर म्हणते, सोडणार नाय. मी त्याला तिथंच उभा करीन, त्याच साठ माणसांत. किती वर्षं लागली तरी चालंल."

मानपाड्यात त्यांना कुणी काम देईना. कमलेश सरांनी सगळीकडे फोन केले होते. शेवटी त्या लिओनेलकडे गेल्या. त्यानं ठाण्यात वागळे इस्टेटला एका छोट्या कंपनीत शब्द टाकला. तिथे दोन महिने झाडू मारण्यापासून सगळं केलं, मग मशीनवर गेल्या, चार वर्षांत लाइनच्या प्रमुख झाल्या. हाताखाली सात मुली. कडक म्हणून नाव. रीळ बदलताना दोघींनी मोठ्यानं नंबर वाचायचा, हा त्यांचा नियम. चुकली तर घरी.

इकडे कमलेश सर प्लांट हेड झाले.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन मशीन आलं आणि जुनं विकायला काढलं. ते कुणी घेतलं याची आम्हाला खबर नव्हती. ते गेलं ठाण्याला, ताईंच्याच कंपनीत. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. छोट्या कंपन्या जुनीच मशीनं घेतात, आणि मध्ये दलाल होता लिओनेल.

ट्रेलरवरून मशीन उतरवलं. ताई दार उघडून आत बघत होत्या. कोपऱ्यात कुंकवाची बोटं, आठ वर्षांची, एकावर एक. लिओनेल सांगतो, ताई मशीनला टेकून खाली बसल्या. त्याला वाटलं चक्कर आली. पाणी आणायला वळला, तर म्हणाल्या, "पाणी राहू दे. याच्यातल्या जुन्या नोंदी हायत का गेल्या, ते आधी बघ."

तेव्हा आमच्याकडे त्या नोंदी उघडायचा पासवर्ड फक्त सरांकडे होता, आणि विकताना मशीनचा कॉम्प्युटर कुणी साफ केला नव्हता. जुन्या फायली जशाच्या तशा पडून होत्या. लिओनेलनं तारीख टाकली. एक वाजून चार मिनिटांनी सगुणा केणे बाहेर. एक वाजून बारा मिनिटांनी चौदा नंबर, बारकोड नामंजूर. पुन्हा नामंजूर. एक वाजून तेरा, तपासणी वगळली. पुढे कमलेश सरांचं पूर्ण नाव.

लिओनेल म्हणाला, "ताई, हे मालकांना पाठवून देऊ. शांतपणे. माफी मागतील तुमची."

"माफी नको."

"मग काय हवंय?"

"साठ माणसं."

नोंद सापडली जुलैमध्ये. ताई खंडेनवमीपर्यंत थांबल्या. अडीच महिने त्या नोंदीचा छापील कागद घरात कपाटाच्या आत चिकटवलेला होता. आनंदा सांगतो, रोज सकाळी साडी काढताना वाचायच्या.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. मालक येतात, ग्राहकांचे लोक येतात, जुने कामगार आले तरी कुणी अडवत नाही. ताई मोरपंखी साडी नेसून, नाकात नथ घालून आल्या. वॉचमन तोच, त्यानं ओळखलं नाही. आरती झाली, पेढे वाटले आणि मालकांनी कमलेश सरांचा सत्कार सुरू केला, नवीन मशीन वेळेत उभं केलं म्हणून. सरांच्या खांद्यावर शाल आली आणि ताई पुढे गेल्या.

"मालक, मी सगुणा केणे. तुमच्याकडं एकोणीस वर्षं होते. सरांना मी पण एक कागद द्यायला आलेय. त्यांनी वाचून दाखवावा."

सरांनी कागद बघितला. चेहरा पडला. घडी घालायला लागले, तर ताईंनी त्यांचं मनगट धरलं. "मोठ्यानं वाचा. मला तेव्हा मोठ्यानंच बोललेलात."

"अहो, हे जुन्या मशीनचं काहीतरी... कुणीही छापून आणेल. मालक, ही बाई..."

"मशीन ठाण्याला हाय. चालू हाय. ज्याला खात्री करायची त्यानं यावं." मग ग्राहकाच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुमचीच बोर्डं होती. काचपेटीची."

त्या माणसानं सरांच्या हातातून कागद घेतला, वाचला, म्हणाला, "कमलेशजी, वाचा."

सरांनी वाचलं. वेळा, नंबर आणि शेवटी स्वतःचं नाव. आवाज इतका बारीक, की मागची माणसं ओरडली, "ऐकू येत नाय!" ताईंनी त्यांना पुन्हा वाचायला लावलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला माहीत होतं वळणार. "भावना, तू काय बघितलेलंस?"

मी म्हणाले, "रीळ सरांनी लावलं. मी बघितलं होतं. मी खोट्या कागदावर सही केली." माझी सून त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. ती बाजूलाच उभी होती, हातात पेढ्याचं ताट घेऊन.

मालक म्हणाले, "सगुणाताई, आत ऑफिसात बसून बोलू या." त्यांनी ऐकलं नाही. कमलेश सर बॅग उचलून गेटकडे निघाले होते. ताई त्यांच्या आधी गेटवर पोचल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "माझी पिशवी उलटी केलेलीस ना? यांची कर." वॉचमननं मालकांकडे बघितलं. मालक दुसरीकडे बघत राहिले.

बॅग उलटी झाली. डबा, चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याला बांधायचा पट्टा. सर वाकायला लागले तर त्यांना नीट वाकता येईना. कुणीतरी मदतीला पुढे झालं. ताईंनी हात आडवा धरला. "स्वतः उचलू दे."

त्यांनी उचललं. एकेक. सगळी माणसं बघत होती. गोळ्यांची एक पट्टी राहिली, ती ताईंनी चपलेनं त्यांच्याकडे सरकवली.

महिन्याभरात कमलेश सरांना राजीनामा द्यायला लावलं. मालकांनी ताईंना, चूक त्यांची नव्हती असं लेखी पत्र दिलं आणि परत बोलावलं, वरच्या पदावर. त्यांनी पत्र घेतलं, नोकरी नाही घेतली. पत्राच्या प्रती काढून गावात वाटल्या. एक खडवलीला विहीणबाईंच्या हातात नेऊन दिली आणि दारातच उभं राहून त्यांना वाचायला लावली.

माझी नोकरी राहिली. सून मात्र माझ्याशी नीट बोलत नाही.

दिवाळीनंतर मी हिय्या करून मानपाड्याला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर नातवंड खेळत होतं. ताईंनी मला आत घेतलं, चहा टाकला. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले.

"ताई, सरांची तब्येत बरी नाही म्हणतात. तुम्हाला वाईट नाही का वाटत?"

"नाय."

"थोडं पण?"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "भावना, सगळे मला सांगायचे, सूड घेऊन काय मिळणार, मन आणखी जळतं. खोटं हाय. त्या दिवशी घरी आले, पोटभर मटण-भात खाल्ला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले. आनंदानं नाकाशी बोट धरून बघितलं, जिवंत हाय ना म्हणून."

त्या हसल्या. मीही हसायला गेले, तर त्यांचं हसू थांबलं.

"त्यानं स्वतःला वाचवायला केलं, ते मला कळतं. तुला तर मी सोल्डरिंग हात धरून शिकवलेलं. चहा पी. गरम हाय तोवर पी, आणि जा. परत येऊ नको."

मी चहा प्यायले. कप विसळून पालथा घातला आणि निघाले. ओट्यावरून त्या नातवाला हाक मारत होत्या, जेवायला चल म्हणून.