भिंतीपासून चार बोटं

फोन आला तेव्हा मी झोपायच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. यांच्या यंत्रांच्या कपाटातल्या पंख्यांची घरघर इतकी, की पलीकडून यांच्या शाळेतले दिलीपसर काय म्हणताहेत ते कळेना. "पुन्हा सांगा," मी म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं... नवऱ्याचं मरण मला दोनदा ऐकावं लागलं.

हे तळोद्याला शाळेत संगणक शिकवायचे. लग्नानंतर पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं, नेटवर्क सांभाळायचं काम. तेवढ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एकुलता एक मुलगा, जाणार कुठे? त्या गेल्या तोवर यांचं वय निघून गेलं. मग बंद पडलेल्या कुठल्या कुठल्या ऑफिसांतले राउटर, स्विच, जुने सर्व्हर घरी येऊ लागले. "शिकतोय," म्हणायचे. कशासाठी, ते मी विचारलं नाही. उत्तर दोघांनाही झेपलं नसतं.

ही यंत्रं तापतात, आणि आमचा उन्हाळा तर माणसालाही सोडत नाही. पहिल्या वर्षी यांनी घरातला एकुलता कूलर त्यांच्याकडे वळवला. ती ओली हवा खाऊन पावसाळ्याआधीच तारांच्या तोंडांना हिरवा गंज चढला. मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण हे हटणारे नव्हते. माझं दुधादह्याचं जाळीचं कपाट उचलून यंत्रं त्यात मांडली, कारण जाळीतून हवा खेळते. खोलीला खिडकी एकच. तिच्यात गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि उरलेली जागा प्लायवूडने बंद करून टाकली. झाडताना माझ्याकडून कपाट मागे सरकलं की लगेच यांचा आवाज, "भीतले चिटकाडू नको. चार बोटे सोड. त्याले बी श्वास लेना पडस."

"आनि मन्हा श्वास? मन्ही खिडकी मले परत द्या," मी म्हणायचे.

"देसू," म्हणून नुसते हसायचे.

दिवसकार्य झाल्यावर दिलीपसर आले. "वहिनी, हे शाळेसाठी नेऊ का?" ज्याच्यापायी इतकी वर्षं भांडले ते कुणी आपणहून उचलून नेत होतं, आणि माझ्या तोंडून हो निघेना. घरघर चालू ठेवली तर हे आत्ता खोलीत येतील असं वाटून जीव गुदमरायचा. बंद केली तर त्या शांततेतही गुदमरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका दुपारी प्लायवूडच्या फटीला तोंड लावून मी हवा घेतेय, हे माझं मलाच दिसलं. तेव्हा सरांना फोन केला.

त्यांनी यंत्रं नेली, पंखा उतरवला, फळी काढली. खिडकीतून वारा आला. तापलेला, धुळीचा, पण आला. मी तिथेच बसून पोटभर रडले.

जाळीचं कपाट आता स्वयंपाकघरात आहे. आत दूध, दही, सकाळची भाजी... तापणारं काहीच नाही. तरी ते भिंतीला लावताना हात आपोआप मागे गेला. चार बोटं धरून पाहिली. जागा कमी वाटली. यांची बोटं जाड होती. माझी पाच लागतात.