बारकोडवाले चोवीस अंक

मध्यंतरी ओळखीतल्या एकाचा फोन आला. "तुमच्याकडे जुनी कॉमिक्स आहेत ना, बारकोडवाली? त्यांना आता फार मागणी आहे. फारशी उरलीच नाहीत म्हणे." मी म्हटलं, आहेत आणि द्यायची नाहीत. तो म्हणाला, निदान बघायला तरी. मी म्हटलं, बघायलाही नाहीत. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझं डोकं तापलेलं होतं. मागणी आल्याचा राग नव्हता. 'उरलीच नाहीत म्हणे' हे जे तो सहज बोलून गेला, त्याचा होता. ती का उरली नाहीत ते मला तेराव्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कळलं, आणि ज्यांना आता ती हवी आहेत त्याच मंडळींनी तेव्हा त्यांना नाकं मुरडली होती.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एकच कॉमिक दोन वाटांनी विकायला यायचं. एक वाट किराणा दुकानं, ड्रगस्टोअर, पेपरचे स्टॉल यांची. ती न्यूजस्टँड प्रत. तिच्या मुखपृष्ठावर खाली डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या चौकटीत बारकोड असायचा. दुसरी वाट थेट कॉमिक्सच्या दुकानात जाणारी. ती डायरेक्ट प्रत. तिच्यावर त्याच चौकटीत बारकोडऐवजी एखादं छोटंसं चित्र असायचं. गोष्ट तीच, कागद तोच, छापखाना तोच. पण एक प्रत दुकानात खोक्यातून अलगद निघायची, आणि दुसरी तारेच्या फिरत्या स्टँडवर कोंबली जायची, वाकायची, दहा पोरांच्या चिप्स खाल्लेल्या हातांतून जायची. संग्रह करणाऱ्यांच्या लेखी पहिली कुलीन आणि दुसरी अशी-तशीच.

आमच्या घरात सगळ्या अशा-तशाच होत्या.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो. बाबा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. आई वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, नागपुरात कॉलेजात शिकवायची. ट्रॉयमध्ये ती घरापासून चालत जाता येईल अशा एका ड्रगस्टोअरमध्ये निळा कोट घालून काउंटरवर उभी राहायला लागली. याबद्दल तिने कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. मी मात्र मैत्रिणींना सांगायचे की माझी आई औषधांच्या क्षेत्रात आहे.

त्या दुकानातून ती मला दर महिन्याला एका मालिकेचा अंक आणायची. समुद्राच्या तळाशी एकटी राहणाऱ्या मुलीची गोष्ट होती ती. माझं इंग्रजी त्या मुलीने सुधारलं. शाळेत माझ्या उच्चारांना हसायचे तेव्हा मी मनात तिच्यासारखी उत्तरं द्यायचे, आणि वर्षभराने तोंडाने द्यायला लागले. तक्रार एकच होती. आई अंक नेहमी महिन्याच्या शेवटी आणायची. तोवर वर्गातल्या पोरांनी तो वाचून शेवटसुद्धा सांगून टाकलेला असायचा.

"आई, फर्स्ट वीकमध्ये येतो तो. लगेच का नाही आणत?"

"उशिरा वाचलं तर गोष्ट बदलते का?" ती म्हणायची आणि विषय संपवायची.

बारा अंक झाले तेव्हा दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, पाटावर पुस्तकं मांडायची, बाबांचे नट-बोल्टचे पाने आणि मोजपट्ट्या शेजारी ठेवायच्या, सगळ्यांना हळदकुंकू वाहायचं. आईने माझ्या शाळेच्या पुस्तकांबरोबर ते बाराही अंक मांडले. मी म्हटलं, अगं, ही कॉमिक्स आहेत. ती म्हणाली, "तू यातूनच शिकलीस ना वाचायला?" आणि तिने प्रत्येक मुखपृष्ठावर, उजव्या बाजूला वर, ओल्या बोटाने आधी हळद आणि त्यावर कुंकू लावलं. चकचकीत कागदावर ते वाळून घट्ट बसलं. मला ते आवडलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून वाटेल की मला कधी आवडलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात जवळच्या दुकानांच्या रांगेत कॉमिक्सचं दुकान उघडलं. दुकानदार केसांचा बुचडा बांधणारा, खुशालचेंडू माणूस. वाईट अजिबात नव्हता. मला मुलगी म्हणून हाकलून न देणारा त्या भागातला बहुधा तो एकटाच कॉमिक्सवाला. अंक प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा पुठ्ठा घालून कसा ठेवायचा ते त्याने शिकवलं, कडा कशा तपासायच्या ते शिकवलं. एक दिवस मी माझा पहिला अंक त्याला दाखवायला नेला. त्याने तो दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"न्यूजस्टँड," तो म्हणाला. "बारकोडवाल्या प्रती आजीबाईंनी नातवंडांना घ्यायच्या असतात. आणि हे काय आहे? केचप?"

मी म्हणाले, "हो."

आयुष्यात बऱ्याच गोष्टींची लाज वाटली आणि नंतर विसरले. हा 'हो' विसरले नाही.

पुढच्या दसऱ्यापर्यंत मालिका चोविसाव्या अंकावर येऊन बंद पडली होती. आईने नवे बारा अंक पाटाकडे नेले तेव्हा मी ते तिच्या हातातून काढून घेतले. "नको लावूस. खराब होतात. त्याने व्हॅल्यू जाते." आईचं बोट कुंकवात बुडलेलं होतं. तिने ते बोट पाटाच्या लाकडाला टेकवलं आणि आरतीचं तबक आणायला उठली. मी ते बारा अंक तसेच कोरे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले.

वसंतात गावच्या लायब्ररीत संग्राहकांचं प्रदर्शन ठरलं. कोणाला कुठलं टेबल द्यायचं ते आमच्या दुकानदाराकडे होतं. बंद पडलेल्या त्या मालिकेचा पूर्ण संच गावात फार जणांकडे नव्हता, म्हणून त्याला माझा हवा होता, मधल्या लांब टेबलावर, माझ्या नावाच्या पाटीसकट. फक्त असा नको होता. त्याने तोडगा काढला. "तुझे चोवीस मला दे, मी ते पोरांना वाचायला बाहेरच्या खोक्यात टाकतो. बदल्यात माझे डायरेक्ट घे. कोरे करकरीत. वर काही द्यायला नको." माझ्या डोळ्यांपुढे नुसती ती पाटी. ज्या पोरांनी माझ्या उच्चारांची नक्कल केली होती तीच पोरं टेबलापुढे उभी राहून माझं नाव वाचणार. मी हो म्हटलं. हाही एक 'हो'च.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंक खोक्यात भरायला घेतले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे आहेत, तू ठरव," आणि मदतीला बसली. ती एकेक अंक उचलायची, कपाळाला लावायची, माझ्याकडे द्यायची. पाचसहा झाल्यावर मी वैतागले.

"आई, यार, प्रत्येकाला काय नमस्कार करतेस? फेकत नाहीये मी."

"सवय झाली," ती म्हणाली.

"कसली?"

ती थोडा वेळ अंकाची कड सारखी करत राहिली. मग म्हणाली, "स्टँडवरच्या न विकलेल्या प्रती परत कराव्या लागतात. डायरेक्टवाल्यांचं तसं नसतं, त्यांनी घेतल्या की त्यांच्याच. आमच्या परत जातात."

"मग?"

"अख्ख्या नाही जात. पुरावा म्हणून नुसतं कव्हर फाडून पाठवायचं. आतलं सगळं मागच्या कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये."

"कोण फाडतं?"

"मी. लास्ट फ्रायडेला. तेच काम दिलंय मला."

आमच्या घरात वर्तमानपत्राला पाय लागला तरी वाकून नमस्कार करावा लागायचा. पाचवीत असताना मी वहीचं एक कोरं पान होडी करायला फाडलं, तर या बाईने माझ्याशी दिवसभर अबोला धरला होता. आणि ही बाई दर महिन्याला निळा कोट घालून दुकानाच्या मागच्या खोलीत पुस्तकं फाडत होती.

"पहिल्या वेळी माझा हातच चालेना," ती म्हणाली. "मॅनेजरला वाटलं मला समजलं नाही. त्याने बिचाऱ्याने करून दाखवलं. मग मी एक विकत घेतली. एक वाचवली की बाकीच्यांना हात लावायचा धीर होतो. त्यांना आधी नमस्कार करते. माफी मागते आणि फाडते."

"म्हणून तू शेवटी आणायचीस."

"आधी आणली असती तर ती नुसती घेतलेली झाली असती. शेवटच्या दिवशी घेतली की वाचवलेली होते." ती हसली. "तसं बघितलं तर वेडेपणाच आहे."

मला रडू आलं. आईला वाटलं मी फाडलेल्या पुस्तकांसाठी रडतेय. मी रडत होते तिच्यासाठी, आणि केचपसाठी. मी खोकं रिकामं केलं. चोवीसच्या चोवीस अंक परत कपाटात गेले.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून दुकानात गेले आणि सांगितलं की मी बदलणार नाही. मांडीन तर माझेच मांडीन. तो बराच वेळ समजावत राहिला. मध्ये तो हेही म्हणाला की लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मला लोकांच्या हसण्याची सवय आहे. शेवटी त्याने हात टेकले. "मग मधलं टेबल नाही. कडेचं मिळेल, टॉयलेटच्या दाराजवळचं. पाटी नाही." मी म्हटलं, चालेल. "आणि निदान कोरे बारा पुढे मांड. डागवाले मागे."

प्रदर्शनाच्या शनिवारी निघण्याआधी मी देवाजवळचा दोन कप्प्यांचा करंडा जॅकेटच्या खिशात टाकला.

टेबल खरोखरच टॉयलेटच्या दाराला लागून होतं. दार उघडलं की माझ्या पाठीला लागायचं. मी डागवाले बारा पुढे मांडले, बारकोड ठळक दिसतील असे. मागच्या रांगेत कोरे. मग ते कोरे एकेक करून पिशवीतून बाहेर काढायला लागले. दुकानदार मधल्या टेबलापाशी कोणाशी तरी बोलत होता. माझ्या हातात उघडा अंक दिसताच तो तरातरा आला.

"हे काय करतेस?"

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, केचप आहे का म्हणून. मी खोटं बोलले. ते केचप नाही."

मग काय आहे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे वर्षातून एकदा पुस्तकांची पूजा करतात आणि ही पूजा झालेली पुस्तकं आहेत. ही बारा राहून गेली होती, माझ्यामुळे. तो तिथेच उभा राहिला. मी दाराजवळच्या पाण्याच्या नळावर बोट ओलं केलं, करंडा उघडला आणि तेराव्या अंकावर, उजव्या बाजूला वर, लाल बोट टेकवलं. कोणीतरी "ओ नो" म्हटलं. मी चौदावा घेतला.

सतराव्याला पोचले तेव्हा आई आली. तिची जेवणाची सुट्टी होती, अंगात निळा कोट तसाच. तिने आधी टॉयलेटच्या दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग भोवती जमलेल्या चारपाच जणांकडे. मग माझ्या बोटाकडे.

"अगं, आज दसरा नाहीये," ती हळूच म्हणाली.

"माहितीये."

तिने पर्स खांद्यावर मागे सारली, कोटाची बाही वर केली आणि करंडा माझ्या हातातून घेतला.

"आधी हळद लावतात," ती म्हणाली, आणि अठराव्यापासून तिने सुरुवात केली.