आरशासारखं गॅरेज

सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या इमारतीतले एक गृहस्थ जवळच्या पलसाण्याच्या एका कापडरंगाईच्या कारखान्यात सुपरवायझर होते. स्कूटरच्या आरशात बघून भांग पाडल्याशिवाय ते कोणाशी बोलत नसत. बोलताना दर वाक्याला "समजलं?" असं विचारत आणि आपणच "समजलं" म्हणून टाकत.

सगळ्यांच्या सामाईक गॅरेजचा कोबा उखडला, तेव्हा त्यावर रंगाचा कुठला थर द्यायचा हे ठरवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. रंगारी म्हणाला, "शेठ, वरच्या हातात थोडी बारीक वाळू मिसळू. चमक कमी होईल, पण पाय घसरणार नाही."

"अरे, चमकेसाठीच तर करतोय! आमच्या कारखान्यात साहेबांना फरशीत तोंड दिसतं. समजलं? समजलं."

थर टिकाऊ निघाला, हे मान्य केलं पाहिजे. त्यावर माणसांनी टिकायचं कसं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

एका सकाळी कोणीतरी गाडी धुतली होती. कापडाच्या लूमवर कामाला निघालेले, इमारतीतलेच धुळ्याकडचे तात्या त्या ओल्या फरशीवर डब्यासकट उजव्या हातावर आपटले. मी धावलो. गृहस्थही धावले आणि खाली वाकले. मला वाटलं, तात्यांना उठवतील. त्यांनी रुमाल काढला आणि डब्याने फरशीवर पडलेला ओरखडा पुसायला घेतला.

सुजत चाललेलं मनगट धरून तात्या मला विचारत होते, "भाऊ, लूम चालवता येईन ना आता?"

उत्तर गृहस्थांनी दिलं, मान वर न करता. "डबा नीट धरायचा, तात्या. ओरखडा जात नाही. समजलं?"

"समजलं," त्यांच्याआधी मीच म्हणालो.