म्हशींच्या कोपऱ्यात

अर्धांगाचा झटका आल्यापासून केरूच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "असूदे." भात करपला, असूदे. शेजाऱ्याने बांध कोरला, असूदे. अहो, ज्या माणसाने वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी जन्माचा अबोला धरला, त्याने असूदे म्हणावं? हौसाला ते ऐकून संताप यायचा. नवऱ्याचा उजवा हात गेला ते ती सोशीत होती, पण त्याची भांडणंही गेली तर मागे राहिलं काय?

म्हणून तिने त्याला संगमेश्वराकडे त्याच्या आजोळी आणलं. तिथल्या तळ्याकाठी गरम पाण्याचं जुनं कुंड होतं. लहानपणी केरू संक्रांतीला तिथे न्हायचा. कुंडाचं नाव काढल्यावर तो "जाऊया" म्हणाला होता, आणि तेवढ्या एका शब्दावर हौसाने रिक्षा ठरवली होती.

बघते तर काय, तळ्याकाठी उद्यान! सिमेंटचे बगळे, रंगीत बाकं आणि कुंडावर चकचकीत पाटी, 'ऐतिहासिक उष्णोदक कुंड'. हौसाने पदर खोचून तांब्या बुडवला. पाणी थंडगार.

"ह्या काय करून ठेवलानी?" ती वॉचमनवर कडाडली.

"सुशोभीकरण, मावशी. खालून सारखा गाळ यायचा, म्हणून गावाने तळाला फरशी बसवली. गाळ थांबला बघा."

"आणि झरा?"

"तोपण थांबला."

"अरे मेल्यांनो, नाक वाहतंय म्हणून नाकच लिंपलात की रे!"

"असूदे," बाकावरून केरू पुटपुटला.

"कसलं असूदे? आता म्हणालात तर ह्याच तांब्याने टाळकं फोडीन!" हौसाला रडू फुटलं. एवढ्या लांब आणलं ते ह्यासाठी?

डोळे पुसताना तिचं लक्ष तळ्याच्या टोकाला गेलं. उद्यानाचं कुंपण तिथे संपत होतं. हवेत चांगलाच गारठा होता, अख्खं तळं मोकळं होतं, आणि गावातल्या साऱ्या म्हशी त्या एका कोपऱ्यात खेटून बसल्या होत्या. एवढ्या थंडीत म्हैस पाण्यात बसते कशाला? हौसा तरातरा गेली आणि पाण्यात हात घातला. चांगलं ऊन पाणी! झऱ्याने माणसांचा नाद सोडून इथे वाट काढली होती.

तिने केरूला धरून नेलं, म्हशींच्या शेजारी काठाच्या चिखलात बसवलं आणि त्याच्या मेल्या हातावर पाणी ओतायला लागली. तेवढ्यात शिट्टी फुंकत वॉचमन धावला.

"ओ काका, उठा! तळ्यात उतरायला मनाई आहे!"

हौसाच्या जिभेवर चार शिव्या आल्या होत्या, पण केरूचे वाकडे ओठ हलताना बघून तिने त्या गिळल्या. आता हा असूदे म्हणणार आणि उठणार. तिने डोळे मिटून घेतले.

"आधी..." केरू अडखळला. "आधी ह्या म्हशीला उठव. मंग मी उठतो. माज्या आजोळचं पानी हाय, मेल्या!"

हौसाने दुसरा तांब्या भरला.